दरांची बेरीज कशाला?

संपादक महोदय,

परवा कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या सभेत टँकरचा तक्ता वाटला. फेब्रुवारी ते मे, दर टँकरी भाव १०००, ११००, १२००, १५०० रुपये आणि खाली ‘एकूण ४८००’. शेजारच्या आजी घाबरल्याच, “एका टँकरला एवढे?”

मी आयुष्यभर हिशेब लिहिले, म्हणून राहवत नाही. एक्सेलच्या तक्त्यात शेवटच्या ओळीत प्रत्येक रकान्यासाठी बेरीज की सरासरी, हे वेगवेगळे निवडता येते. पण नुसत्या सरासरीनेही भागत नाही. चार भावांची सरासरी १२००. टँकर मात्र अनुक्रमे १०, १०, २० आणि ६० आले. म्हणजे १०० टँकरचे १,३५,००० रुपये; खरा भाव १३५०.

धरणांचेही तेच. खडकवासल्याची क्षमता १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट), वरसगावची १२.८२. पानशेत, टेमघर धरून चौघांच्या साठ्याच्या टक्केवारीची बेरीज करायची आणि चारने भागायचे, हे चुकीचेच. एकूण साठ्याला एकूण क्षमतेने भागायला हवे.

आपण तक्ते छापता तेव्हा शेवटच्या ओळीत प्रत्येक आकड्याजवळ ‘बेरीज’ की ‘सरासरी’ हे कृपया लिहावे.

– एक निवृत्त हिशेबनीस, कोथरूड, पुणे