जखमेत जर्दा, चुना भरू नका, आधी साबणानं धुवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निपाणीजवळच्या एका गावात गेली बावीस वर्षं माझं मेडिकल दुकान आहे. ऊस तोडणी सुरू झाली की दुकानात पट्टी आणि कापूस मागणारे एकदम वाढतात, कोयता लागलेले, पाचटानं हात चिरलेले, मोळी उचलताना खुंट पायात घुसलेले, आणि दहातल्या सात-आठ जणांनी येण्याआधी जखमेत काहीतरी भरलेलं असतं. हळद, चुना, चहापावडर, भाजलं असेल तर टूथपेस्ट, आणि आमच्या भागात तंबाखू घरोघरी असल्यामुळं सगळ्यात जास्त जर्दा.

गेल्या महिन्यात तोडणीची एक बाई आली, नडगीवर कोयता लागून तिसरा दिवस. फडकं जखमेला इतकं चिकटलं होतं की ओढलं असतं तर साल निघाली असती, म्हणून पाणी घालत घालत सोडवलं. आत जर्द्याचा तपकिरी चिखल झालेला, कडा सुजून गरम, आणि एक लाल रेघ गुडघ्याकडं चढत होती. अशी रेघ दिसली किंवा थंडी वाजून ताप आला तर इन्फेक्शन वर पसरतंय, मग मेडिकलवाल्यानं गोळ्या देऊन पाठवायचं नसतं, त्याच दिवशी डॉक्टरकडंच जायचं. मी तिला लगेच पाठवलं. जाताना ती म्हणाली, "दादा, जर्द्यानं रक्त तर लगेच थांबलं की ओ." मावशी, रक्त थांबलं ते तुम्ही हातानं दाबून धरलं म्हणून, जर्द्यानं नाही! नुसतं स्वच्छ कापड ठेवून दहा मिनिटं न उचलता दाबलं असतं तरी थांबलंच असतं. मधेमधे उचलून बघायचं नाही, एवढंच. तरी थांबत नसेल तर दाबूनच दवाखाना गाठायचा.

रक्त थांबलं की धुवायचं. पिण्याचं पाणी चालतं, वरून धार धरायची, आजूबाजूला साबण लावायचा, माती-कचरा निघेपर्यंत धुवायचं. स्पिरिट किंवा डेटॉल तसंच्या तसं आत ओतू नका, त्यानं नवीन येणारं मांसही जळतं. आणि "उघडी ठेव, वाऱ्यानं सुकू दे" हे आपल्याकडं आजीपासून चालत आलंय पण ते बरोबर नाही, 1962 साली जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकानं डुकरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी लवकर येते. स्वच्छ पट्टी बांधायची, भिजली किंवा मळली की बदलायची. भाजलं असेल तर वीस मिनिटं साध्या पाण्याखाली धरा, बर्फ नको, पेस्ट तर नकोच. कुत्रं चावलं तर पंधरा मिनिटं साबणानं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शनला जा, चटणी-चुना लावत बसू नका.

धनुर्वाताबद्दल पण लोकांचा घोळ आहे. गंजलेला खिळा लागला तरच सुई घ्यायची असं समजतात. त्याचे जंतू गंजात नसतात ओ, मातीत आणि शेणात असतात, म्हणजे आपण दिवसभर जिथं उभं असतो तिथंच. लहानपणीचे डोस झालेले असतील तर दर दहा वर्षांनी बूस्टर, आणि जखम खोल, मातकट असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील तर लगेच घ्यायचा. कधी घेतला आठवतच नसेल तर तसं डॉक्टरला स्पष्ट सांगा.

शुगरवाल्यांचं मात्र मला घरचंच सांगायचंय. माझ्या वडिलांच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि चार दिवस त्यांना कळलंच नाही, कारण शुगरनं तळव्याची जाणीवच गेली होती. आईला फरशीवर अंगठ्याएवढे लालसर ठसे दिसले, तिला वाटलं कुंकू सांडलं. शेवटी बेळगावला नेऊन एक बोट काढावं लागलं. मेडिकलवाल्याच्या घरात हे झालं, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून शुगर असणाऱ्या प्रत्येकानं रोज झोपताना उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघाव्यात, वाकता येत नसेल तर आरसा खाली धरावा नाहीतर नातवाला बघायला सांगावं. शेतात अनवाणी जायचं नाही, चप्पल घालण्याआधी झटकायची, आणि पाय दुखत नाही म्हणजे बरं आहे असं धरून चालायचं नाही.

माझ्या दोन मागण्या आहेत. गाळप चालू असेपर्यंत कारखान्यांनी तोडणीच्या प्रत्येक टोळीला पाण्याचा कॅन, साबण आणि पट्ट्यांचा डबा द्यावा, खर्च फार नाही. आणि आरोग्य खात्यानं हंगामापुरती तरी गावातली ड्रेसिंगची सोय संध्याकाळी ठेवावी, मराठी आणि कन्नड दोन्हीत पाटी लावून. फडातनं बाई घरी येते सात वाजता, तोपर्यंत आमच्या इथलं केंद्र बंद झालेलं असतं, आणि मग घरात हाताशी जे असतं तेच जखमेत जातं.

आपला,
एक औषध विक्रेता, निपाणी भाग