डॉक्टरसाहेब, ते वहीचं पान अजून माझ्यापाशी आहे

डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला तुम्ही आमच्या शेडवर आलात, तेव्हा मी तुमच्याशी धड बोललोही नाही. भोपाळच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला होता : बर्ड फ्लू, देशातला पहिलाच. जेसीबीने खणलेल्या खड्ड्यात पक्षी गेले, अंडी गेली, खाद्याची पोती गेली आणि वरून चुना पडला. पशुवैद्यक म्हणून तुमचं काम तिथेच संपलं होतं. तुम्ही मात्र वहीचं एक पान फाडून आमच्या अकरा माणसांची नावं लिहिलीत, प्रत्येकापुढे सकाळ-संध्याकाळचा ताप. आठव्या नावापुढे १०१ लिहावं लागलं. तो माझा धाकटा भाऊ. गावातलं कुणी आमच्या दारात पाय ठेवत नव्हतं, आणि तुम्ही त्याच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिलात. त्याचा नमुना निगेटिव्ह आला. नवापुरात कुणाही माणसाला लागण झाली नव्हती, हे नंतर कळलं. पण रिपोर्ट येईपर्यंतच्या त्या रात्री तुमच्यामुळे निघाल्या. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले.

पुढे शेड पुन्हा भरली, तेव्हा तुम्ही आलात. अंगणातल्या गावठी कोंबडीखालचं एक अंडं उचलून बॅटरीवर धरलंत. आत लाल शिरांचं जाळं आणि मधोमध हलणारा ठिपका. म्हणालात, फ्लूची लस बहुतेक अशाच अंड्यांत वाढवतात. लाखो डोस हवेत तर अंडीही लाखांनी हवीत, आणि नव्या विषाणूवरची लस हाती यायला पाच-सहा महिने जातात. ‘आणि कोंबड्याच मेल्या तर?’ मी विचारलं. तुम्ही अंडं अलगद परत ठेवलंत.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने माणसं मरत होती. देशात बनलेली लस आली २०१० मध्ये, साथीचा पहिला तडाखा बसून गेल्यावर. २०२१ मध्ये बर्ड फ्लूने माणूस दगावल्याची देशातली पहिली नोंद झाली. २०२४ मध्ये अमेरिकेत हा विषाणू दुभत्या गायींमध्ये सापडला. ती बातमी वाचून मी शेडवरच्या पोरांना मास्कवरून पुन्हा ओरडलो.

पण साहेब, आता आशा वाटते. एमआरएनए लशीला अंडं लागत नाही; त्यात विषाणू वाढवत नाहीत, त्याचा एक भाग बनवायची सूचनाच शरीराला देतात. विषाणूची जनुकीय माहिती मिळाली की कामाला लागता येतं. शिवाय विषाणूच्या अंगावरच्या काट्याचा शेंडा सारखा बदलतो, पण दांडा फारसा बदलत नाही, म्हणून त्या दांड्यावरच नेम धरणाऱ्या लशींच्या माणसांवर चाचण्या झाल्या आहेत. तशी लस जमली तर साथीची वाट बघत बसायला नको. आणि मला सगळ्यात भावलं ते फिनलंडचं : तिथे २०२४ मध्येच बर्ड फ्लूची लस द्यायला घेतली, ती पोल्ट्रीवर आणि प्राण्यांत काम करणाऱ्यांना. म्हणजे आमच्यासारख्यांना, आधी! खड्डा खणायच्या आधी.

तशी लस आपल्याकडे येईल तेव्हा यादी करायला तुम्हीच या. आता आमच्याकडे चौदा माणसं आहेत. तुमच्या पानासारख्याच रेघा मारून नावं लिहून ठेवली आहेत. आठवं नाव अजून भावाचंच आहे.

तुमचा,
नवापूरचा पोल्ट्रीवाला