एनआरई ठेवीची परस्पर एनआरओ ठेव केल्याबद्दल तक्रार

स्टुटगार्ट, 18 जून 2025

प्रति,
मा. प्रधान नोडल अधिकारी,
ग्राहक तक्रार निवारण विभाग, मुंबई

विषय : एनआरई (परदेशातली कमाई ठेवण्याच्या अनिवासी) खात्यातील रकमेची एनआरओ (भारतातले उत्पन्न ठेवण्याच्या अनिवासी खात्याची) मुदत ठेव केल्याबद्दल, आणि जुन्या ठेवींवर भारत-जर्मनी दुहेरी कर टाळण्याच्या करारातील दराऐवजी 31.2 टक्के टीडीएस (व्याज देतानाच कापला जाणारा कर) कापल्याबद्दल.

महोदय / महोदया,

आपल्या बँकेच्या ठाण्यातील नौपाडा शाखेत माझे बचत खाते कॉलेजपासूनचे आहे. जून 2024 मध्ये मी नोकरीसाठी जर्मनीला आले. निघण्याआधी शाखेत जाऊन, हे खाते एनआरओ करून द्या आणि नवे एनआरई खाते उघडा, असा लेखी अर्ज दिला होता. काउंटरवरच्या अधिकाऱ्यांनी तो माझ्याकडेच परत सरकवला आणि "182 दिवस बाहेर राहून झाले की या" असे सांगितले. 182 दिवस मोजायचे ते प्राप्तिकरासाठी. फेमा या परकीय चलन कायद्याखाली नोकरीसाठी देश सोडणारा माणूस निघाल्या दिवसापासून अनिवासी ठरतो आणि त्याने निवासी बचत खाते तसेच चालवत राहायचे नसते. अनिवासी खात्यांच्या टेबलावर बसणाऱ्याला हे ग्राहकाने समजावून सांगावे लागले.

पुढे केवायसीचे कागद भारतीय वकिलातीतूनच साक्षांकित हवेत, असा हट्ट धरल्याने मला रजा टाकून म्युनिकला जावे लागले. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत परदेशातील नोटरीही चालतो, आणि नोटरी माझ्या ऑफिसजवळच आहे. असो. त्याबद्दल आता काही मागत नाही.

मूळ तक्रार पुढची आहे. दोन्ही खाती सुरू झाल्यावर नोव्हेंबरमध्ये मी इथल्या पगारातून साठवलेले युरो एनआरई खात्यात पाठवले. ते तिथेच जमा झाले, त्याची बँकेने दिलेली पोच सोबत जोडली आहे. त्यातून 6 लाख रुपयांची दोन वर्षांची एनआरई ठेव करावी, अशी सूचना मी नेट बँकिंगच्या मेसेजमधून दिली. शाखेने एनआरई खात्यातून 6 लाख उचलले आणि ठेव केली एनआरओची. ऑनलाइन यादीत तिच्यापुढे फक्त 'मुदत ठेव' एवढेच दिसते. योजनेचा कोड पावतीच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, बारीक टायपात असतो. तो कोड वाचून योजना ओळखणारा ग्राहक मला अजून भेटायचा आहे. मार्चअखेर व्याजावर टीडीएस पडला तेव्हा हा प्रकार उघड झाला.

हा फरक नावापुरता नाही. एनआरई ठेवीचे व्याज भारतात करमुक्त असते, आणि मुद्दल व व्याज दोन्ही केव्हाही बाहेर नेता येतात. एनआरओ ठेवीच्या व्याजावर 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे हजार रुपये व्याजामागे 312 रुपये कापले जातात. तो पैसा बाहेर न्यायचा तर वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा, फॉर्म 15सीए (पैसे बाहेर पाठवण्याचे घोषणापत्र) आणि सीएचे 15सीबी हे कराबाबतचे प्रमाणपत्र हे सगळे मागे लागते. परदेशात कमावून, रीतसर बँकेमार्फत भारतात आणलेल्या माझ्या पैशाला हे सोपस्कार आपल्या कर्मचाऱ्याने एका चुकीच्या नोंदीने चिकटवले.

माझे पत्र आणि दोन्ही खात्यांचे उतारे घेऊन माझे वडील शाखेत गेले. त्यांना सांगण्यात आले, "ताईंना सांगा ठेव मोडायला. पैसे एनआरईला वळवू आणि नवी ठेव करून देऊ, फक्त सीएकडून 15सीबी तेवढे आणा." चूक तुमची आणि सीएची फी आम्ही का भरायची, असे बाबांनी विचारले. त्यावर "सिस्टिम घेत नाही" हे उत्तर मिळाले. बाबा निवृत्त हिशोबनीस आहेत. चुकीची नोंद उलटी नोंद टाकून दुरुस्त करतात, त्यासाठी खातेदाराला भुर्दंड पडत नाही, हे त्यांनी तिथेच सांगितले. ते कोणी लिहून घेतले नाही.

ठेव मोडण्याचा हा सल्ला किती महागात पडतो तेही सांगते. मोडली तर मुदतपूर्व मोडल्याचा दंड. नवी केली तर आजचा दर. फेब्रुवारीपासून आतापर्यंत रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आला आहे, आणि ठेवींचे दर उतरवताना आपण अजिबात वेळ लावलेला नाही. म्हणजे नोव्हेंबरचा दर मी सोडायचा, वर दंड भरायचा, आणि बँकेची नोंद तेवढी नीट व्हायची. हे मला मान्य नाही.

दुसरी तक्रार जुन्या ठेवींची. भारतात नोकरी करत असतानाच्या माझ्या दोन ठेवी आता एनआरओ आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण भारत-जर्मनी करारानुसार त्यांच्या व्याजावर भारतात 10 टक्क्यांपेक्षा जास्त कर लागत नाही. त्यासाठी मी प्राप्तिकर पोर्टलवर भरलेला फॉर्म 10एफ (करारातील सवलतीसाठी अनिवासीने द्यायची माहिती) आणि इथल्या फिनान्झआम्टचा, म्हणजे कर कार्यालयाचा, रहिवास दाखला दिला. तो 2024 या कॅलेंडर वर्षाचा आहे, आम्हाला एप्रिल ते मार्च हवा, असे म्हणून आपल्या विभागाने तो परत पाठवला. मी 2025 चाही दाखला दिला. मी इथे आले तेव्हापासून मार्च 2025 पर्यंतचा सगळा काळ या दोहोंत येतो. तरीही उत्तर तेच : आर्थिक वर्ष एकाच दाखल्यात असावे. जर्मनीचे करवर्ष जानेवारीत सुरू होते. आपल्या फॉर्मसाठी इथले सरकार ते एप्रिलमध्ये नेईल असे वाटत नाही.

जर्मनी भारतातल्या कराची वजावट देते ती करारातल्या 10 टक्क्यांपुरतीच. उरलेले 21.2 टक्के मला भारतात विवरणपत्र भरून परताव्यात मागावे लागणार, आणि तोवर ते पैसे अडकून पडणार.

यातच आणखी एक गोष्ट. एनआरई व्याज भारतात करमुक्त असले, तरी जर्मनीत राहणाऱ्याला ते इथल्या विवरणपत्रात दाखवावेच लागते. "एनआरई म्हणजे टॅक्स फ्री, तिकडे कशाला सांगता" असे शाखेतून मला फोनवर सांगण्यात आले. असे सल्ले कृपया बंद करा. उद्या इथल्या कर कार्यालयाची नोटीस येईल ती ग्राहकाला, सल्ला देणाऱ्याला नव्हे. त्यापेक्षा जानेवारी ते डिसेंबर 2024 या काळाचे व्याज प्रमाणपत्र द्या, जे मी मागत आले आहे आणि ज्याऐवजी मला दर वेळी एप्रिल ते मार्चचेच पाठवले जाते. माझे इथले विवरणपत्र 31 जुलैपर्यंत जायला हवे, त्यामुळे हे प्रमाणपत्र सर्वांत आधी हवे आहे.

ती 6 लाखांची ठेव, ती केली त्याच तारखेपासून आणि त्याच व्याजदराने, एनआरई म्हणून नोंदवावी. दंड, 15सीबी किंवा नवी ठेव यांतले काहीही माझ्यावर टाकू नये. तिच्या व्याजावर कापलेला कर सरकारजमा झाला आहे हे मला माहीत आहे. त्यासाठी 27क्यू विवरणात (अनिवासींच्या टीडीएसचे बँकेने भरायचे विवरण) दुरुस्ती करावी. ते शक्य नसेल तर कपात बँकेच्या चुकीमुळे झाली असे शाखेच्या सही-शिक्क्याचे पत्र द्यावे, म्हणजे परतावा मागताना माझ्या हाताशी पुरावा राहील. भारतातल्या विवरणपत्राची मुदत यंदा 15 सप्टेंबरपर्यंत वाढली आहे, तेव्हा वेळ नाही असे कारण चालणार नाही. जुन्या ठेवींवर यापुढे 10 टक्क्यांनीच कपात व्हावी आणि दोन्ही दाखले एकत्र धरून स्वीकारल्याचे मला लेखी कळवावे.

हे पत्र पोहोचल्यापासून 30 दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजना, 2021 खाली मी तक्रार दाखल करेन. तिला फी लागत नाही आणि ती ऑनलाइन करता येते, त्यामुळे मी स्टुटगार्टला असल्याने काही अडणार नाही. उत्तर माझ्या नोंदवलेल्या ईमेलवर पाठवावे. बाबांना पुन्हा शाखेत बोलावू नये.

आपली खातेदार,
(सही)

सोबत : एनआरई खात्याचा उतारा, पैसे जमा झाल्याची पोच, ठेवीच्या सूचनेचा मेसेज, ठेवीची पावती, 2024 व 2025 चे रहिवास दाखले, फॉर्म 10एफ.