संध्याकाळनंतर पाणी बंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मोठी माय, म्हणजे थोरली काकू, दीड वर्ष एका खासगी वृद्धाश्रमात होती. तिला मूलबाळ नाही, पायांनी चालवत नव्हतं, आणि आम्ही पुतण्या-पुतणे पुणे, सुरत, धुळे असे पांगलेलो. महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करून भेटायला जायचो. ती वेणीफणी करून, धुतलेल्या लुगड्यात ऑफिसातल्या खुर्चीवर बसलेली असायची. ‘कशी शे?’ विचारलं की ‘बरी शे बाई’. आम्ही तेवढ्यावर निघायचो.

गेल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला मात्र मी न कळवता, भरदुपारी आमरसाचा डबा घेऊन गेले. मोठी मायची जीभ कोरडी पडली होती, ओठ फुटले होते. पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तिने आधी दाराकडे पाहिलं, मग घटाघट प्यायली. अंगणात एकटी घेऊन बसले तेव्हा हळूहळू कळलं. रात्री अंथरूण ओलं होतं म्हणून संध्याकाळी पाचनंतर तिला पाणी देत नसत. आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, त्या दिवसांत! तिला कोणी मारलं नव्हतं, शिवीही दिली नव्हती. पण हा छळच आहे, आणि तो ओळखायला मला दीड वर्ष लागलं.

म्हणून हे लिहिते आहे. म्हातारपणी कातडी पातळ होते, साध्या धक्क्यानेही काळंनिळं पडतं. त्यामुळे एका डागावरून कोणावर आळ घेऊ नये. पण दोन्ही दंडांवर बोटांसारखे वळ, मनगटाभोवती बांधल्याची खूण, माकडहाडावर किंवा टाचेवर जखम दिसली तर गप्प बसू नका. खाटेवरच्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. ती न दिल्याने अशा जखमा होतात. दिवसभर गुंगी असेल तर गोळ्यांची चिठ्ठी मागा. पेन्शनचं पासबुक, कानाचं यंत्र, चष्मा कुठे आहे ते बघा. आणि आया खोलीत आली की बोलणं थांबतं का, हेही.

मी तिथेच भांडायला उठले होते. बरं झालं, थांबले. आपण भांडून निघून येतो, रात्र त्यांना तिथेच काढायची असते. फोटो काढले, डॉक्टरांकडून तपासून लेखी घेतलं, व्यवस्थापकांना अर्ज देऊन पोच घेतली आणि मोठी मायला घरी आणलं. ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालते, हे मला नंतर समजलं. मारहाण किंवा जिवाला धोका असेल तर सरळ 112. लेखी तक्रार जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयातही करता येते.

तिथल्या आयाबाईचा मला राग नाही. रात्री सगळ्या मजल्याला ती एकटीच होती. चादरी तरी किती धुणार? राग आहे तो एवढ्या माणसांमागे एकच बाई ठेवणाऱ्यांचा, आणि ते कोणीच तपासत नाही याचा. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुख्यतः मुलांकडून निर्वाह मिळवून देण्यासाठी आहे. वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झालाच नाही.

तोवर जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एवढं तरी करावं: उन्हाळा तापण्याआधी प्रत्येक वृद्धाश्रमाची न सांगता, तीही रात्रीची तपासणी व्हावी, आणि 14567 हा आकडा ऑफिसात नव्हे, खाटेवरून वाचता येईल असा भिंतीवर लिहावा.

मोठी माय आता माझ्याकडे आहे. अजूनही दिवेलागणीला विचारते, ‘पानी पिऊ का वं?’

आपली,
एक वाचक, धुळे