बोटं कापायला पैसे आहेत, गोळ्यांना नाहीत

मा. संपादक,

सरकारने सगळ्यांना मोफत आरोग्यसेवा द्यावी की नाही, यावर आपल्या अंकात सध्या उलटसुलट पत्रं येत आहेत. 'विमा योजना आहेत ना, मग आणखी काय हवं?' असा बऱ्याच जणांचा सूर दिसतो. तो विमा कुठवर पुरतो हे आमच्या घरात पाहिलंय, म्हणून लिहिते.

माझे यजमान गिरणीत होते. तेव्हा ई.एस.आय.चं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड होतं. ताप आला, पाठ धरली, की दवाखाना ठरलेला आणि औषधंही तिथूनच. १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली आणि पगाराबरोबर ते कार्डही गेलं. पुढे ते एका ठेकेदाराकडे वॉचमन म्हणून लागले. तिथे ना फंड, ना दवाखाना. पन्नाशीत साखर निघाली.

साखरेच्या रोग्याला रोज गोळी लागते, ऑपरेशन नाही. आम्ही सुरुवातीला एका मोठ्या सरकारी रुग्णालयात जात होतो. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, केस पेपरच्या रांगेत उभं राहायचं, डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर बारा वाजायचे. म्हणजे त्या दिवसाचा खाडा. वर चिठ्ठीतली निम्मी औषधं 'बाहेरून घ्या'. तिथल्या डॉक्टरांना मी बोल लावणार नाही. समोर माणसांची ही रीघ, आणि ती कोवळी पोरंपोरी मान वर न करता तपासत होती. पण खाडे परवडेनात. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणू लागलो. मुलीच्या फीचा महिना आला की अर्धीच पट्टी. गणपतीच्या दिवसांत हे स्वतःच म्हणायचे, 'या महिन्यात राहू दे.' मीही राहू दिलं. ते मला आजही सलतं.

२०१९ मध्ये डाव्या पायाला फोड आला. साखरेमुळे पाय बधिर झाले होते, त्यामुळे तो चिघळेपर्यंत कळलाच नाही. दोन बोटं काढावी लागली. केशरी रेशनकार्ड होतं म्हणून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत एका खासगी रुग्णालयात सगळं मोफत झालं. त्या योजनेचे उपकार मी विसरणार नाही. पण त्यांच्या कॉटशेजारी बसून मी हिशेब मांडत होते. बोटं कापायला सरकारने पैसे भरले. ती वाचवू शकणाऱ्या गोळ्यांसाठी इतक्या वर्षांत आम्हाला कुणी एक रुपया दिला नव्हता.

केंद्राची आयुष्मान भारत विमा योजना २०१८ साली आली, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांची. आपली फुले योजनाही आता पाच लाखांची आहे आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे. सत्तरीच्या पुढच्यांना २०२४ पासून उत्पन्न न विचारता कार्ड मिळतं. हे सगळं चांगलंच आहे. पण या योजना प्रामुख्याने दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहेत. डिस्चार्जनंतर थोडे दिवस औषधं मिळतात, तेवढीच. ओपीडी, रोजची गोळी, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी त्यात बसत नाही. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून जात होते, २०२१-२२ मध्ये ते ३९.४ टक्क्यांवर आले. कमी झाले हे खरं, पण त्या ३९ टक्क्यांत आमच्या अर्ध्या पट्ट्याही आहेत.

'एवढा पैसा आणायचा कुठून?' असं एका वाचकाने विचारलं होतं. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये, असं सरकारनेच नेमलेल्या भोर आरोग्य समितीने १९४६ साली लिहून ठेवलं. तेव्हा आपण आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होतो. युद्धाने खंगलेल्या ब्रिटनने ५ जुलै १९४८ ला सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा सुरू केली. थायलंडने २००२ मध्ये सगळ्या नागरिकांना छत्राखाली घेतलं, तोही काही धनाढ्य देश नव्हता. आपल्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तर २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं लिहिलं होतं. २०२१-२२ ला तो १.८४ टक्के होता.

'फुकट मिळालं की किंमत राहत नाही' असंही एकांनी लिहिलं. दिवसाची मजुरी बुडवून जो रांगेत उभा राहतो, त्याला ते फुकट पडत नाही हो!

महापालिकेने २०२२ मध्ये 'आपला दवाखाना' सुरू केले. आमचे हे आता खास बूट घालून घराजवळच्या दवाखान्यात चालत जातात. साखर तपासली जाते, गोळ्या मिळतात, अर्ध्या तासात परत. हीच सोय पंधरा वर्षांपूर्वी हवी होती. विम्यात आणखी पैसा ओतण्याआधी तो या दवाखान्यांत घाला. कामावरून सुटल्यावर जाता येईल असे ते सगळीकडे रात्रीपर्यंत उघडे ठेवा, इन्सुलिनही तिथेच द्या. आणि मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरांनी लिहिलेलं प्रत्येक औषध त्याच इमारतीतल्या खिडकीवर मिळू द्या. एखादं नसेल तर ते बाहेरून आणून देण्याची जबाबदारी रुग्णालयाची असावी, रुग्णाच्या बायकोची नको.

– एक गृहिणी, लालबाग, मुंबई