होलोग्रामचं गणित शिकवणाऱ्या ताईंना

ताई,

स. न. वि. वि.

आभार फोनवर मानूनही भागलं असतं. पण तुम्ही मला जे दिलंत ते माझ्यासारख्या इतर विद्यार्थ्यांच्याही कामाचं आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

संगणकाने होलोग्राम तयार करायचा विषय मी एमएस्सीच्या प्रकल्पासाठी घेतला, तेव्हा आमच्या विभागात लेझर होता, एसएलएम (स्पेशियल लाइट मॉड्युलेटर) नव्हता. प्रकाशाची फेज (लहर चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) पिक्सेलगणिक बदलणारा तो लिक्विड क्रिस्टलचा पडदा लाखांच्या घरात जातो. विषय बदल, असंच जो तो सांगत होता. तुमची-माझी ओळखही नव्हती, तरी तुम्ही मेलला सविस्तर उत्तर दिलंत. त्यात पहिल्याच ओळीत होतं की एसएलएम शेवटी लागतो, आधी लागतं ते फूरिए रूपांतर, म्हणजे लहर साध्या घटक-लहरींत मोडून पाहायचं गणित.

मग तुम्ही वाचनाचा क्रम लावून दिलात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी मदत. लेख, कोड, व्याख्यानं नेटवर भरपूर आहेत. कशानंतर काय घ्यायचं ते कुणी सांगत नाही. न्यूरल नेटवर्कच्या ताज्या पेपरांना तुम्ही मला हातच लावू दिला नाहीत. आधी ब्राउन आणि लोमन यांचं १९६६ चं काम वाचायला लावलंत. गॅबर यांच्या १९४८ च्या होलोग्राफीत खऱ्या वस्तूवरून आलेली लहर नोंदवावी लागे. आयबीएममधल्या या दोघांनी ती लहर गणिताने काढली, प्लॉटरवर रेखाटली आणि फोटोने लहान केली. वस्तू समोर असण्याची गरजच उरली नाही. ते वाचल्यावर या विषयाची भीती गेली.

पुढे अँग्युलर स्पेक्ट्रम पद्धत, म्हणजे प्रकाश काही अंतर गेल्यावर कसा दिसेल ते काढायची रीत. प्रकाशक्षेत्राचं फूरिए रूपांतर घ्यायचं, प्रत्येक घटकाला अंतरानुसार फेज द्यायची, उलटं रूपांतर करून परत यायचं. पायथनमध्ये मोजक्या ओळींचं काम, पण तयार लायब्ररी न वापरता ते तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलंत. प्रकाशक्षेत्राच्या कडेला शून्यं का भरायची, अंतर वाढल्यावर मात्सुशिमा आणि शिमोबाबा यांनी २००९ मध्ये सुचवलेली घटकांच्या वारंवारतेवरची मर्यादा का घालायची, हे स्वतःचं प्रयोगशाळेतलं काम आटोपून रात्री समजावत बसलात. तो पेपर ज्यात आहे ते ‘ऑप्टिक्स एक्स्प्रेस’ कुणालाही मोफत वाचता येतं, हेही तुमच्याकडूनच कळलं. आमच्या कॉलेजसाठी ही लहान गोष्ट नाही.

तुम्ही करायला लावलेला एक हिशेब तर मी भेटेल त्याला सांगतो. पिक्सेल ८ मायक्रॉनचा आणि हिरवा प्रकाश ५३२ नॅनोमीटरचा असेल, तर विवर्तनाने (प्रकाश वळून पसरण्याने) चित्रासाठी मिळणारा पूर्ण कोन सुमारे ३.८ अंश. तोच ३० अंश हवा असेल तर पिक्सेल साधारण १ मायक्रॉनचा लागतो. म्हणजे जेमतेम १५ मिलिमीटर रुंद पडद्यावर, जिथे एका ओळीत १९२० पिक्सेल असतात, तिथे १५ हजारांच्या आसपास पिक्सेल बसवायचे! हवेत तरंगणारी भव्य चित्रं अजून का दिसत नाहीत आणि संशोधक डोळ्याजवळ घालायच्या चष्म्यांकडे का वळले, ते या आकडेमोडीतून लख्ख कळतं. चष्म्यात आणखी एक फायदा आहे: होलोग्राम डोळ्याला खरा फोकस देतो. नेहमीच्या व्हीआर हेडसेटमध्ये बुबुळं जवळ वळतात आणि फोकस मात्र ठरलेल्या अंतरावरच राहतो. तो ताण इथे टळू शकतो.

गर्चबर्ग आणि सॅक्स्टन यांची १९७२ ची, पुढे-मागे रूपांतरं करत फेज शोधायची पद्धत लिहून झाल्यावरच तुम्ही नव्या कामाकडे नेलंत. स्टॅनफर्डच्या गटाने २०२० मध्ये उमटलेलं चित्र कॅमेऱ्याने टिपून त्यातली चूक पुन्हा गणितात घालून होलोग्राम सुधारला. त्यांचा कोड खुला आहे. एमआयटीच्या गटाने २०२१ मध्ये रंग-खोली चित्रं (प्रत्येक बिंदूचा रंग आणि अंतर सांगणारी) आणि त्यांचे होलोग्राम अशा ४,००० जोड्या संशोधकांना दिल्या. आमचा प्रकल्प एसएलएमशिवाय, केवळ सिम्युलेशनवर उभा राहिला तो अशा माणसांमुळे. त्यांचेही मनापासून आभार.

आता आमच्या विभागात धाकटी मुलं हाच विषय मागत आहेत. तुम्ही लावून दिलेल्या क्रमाने मराठीत टिपण लिहायला घेतलं आहे. अँग्युलर स्पेक्ट्रमचं प्रकरण या आठवड्यात पाठवतो. सवडीने नजर घालावी, आणि स्पेकलवर (लेझरच्या चित्रात दिसणाऱ्या बारीक ठिपक्यांवर) कुठून सुरुवात करू तेही कळवावं.

तुमचा,
एक भौतिकशास्त्राचा विद्यार्थी