स्वीडनमधल्या माल्मोला शिकणाऱ्या मनूस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वर्गाचा फोटो आईने अख्ख्या सोसायटीला दाखवून झाला. केनिया, फिजी, बांगलादेश, फिलिपिन्स, एका बाकावर एवढे देश! जहाजावर हे आम्हाला नवं नव्हतं, पण तिथे सगळे एकाच कॅप्टनचं ऐकायचे. तुमच्या वर्गात तसं नाही, हे फोनवरच कळलं.

ऑक्टोबरच्या मतदानावरून तुमच्यात वाद पेटला ना? एप्रिल २०२५ मध्ये आयएमओने, म्हणजे जगभरच्या जहाजांचे नियम ठरवणाऱ्या लंडनच्या संस्थेने, नेट-झिरोचा, म्हणजे जहाजांचं कार्बन उत्सर्जन शून्याकडे नेण्याचा, आराखडा मंजूर केला आणि स्वीकारायची वेळ आली तेव्हा ५७ विरुद्ध ४९ मतांनी विषय वर्षभर पुढे ढकलला. ‘मग आपण ही नवी इंधनं शिकतोय कशाला?’ असं तुझी मैत्रीण म्हणाली. तिला सांग, ठराव थांबला, जहाजं थांबलेली नाहीत. मिथेनॉलवर चालणारं ‘लॉरा मर्स्क’ २०२३ पासून पाण्यात आहे, मागून मोठी जहाजं येतायत. त्यांच्या इंजिन रूममध्ये लंडनचे मुत्सद्दी उतरणार नाहीत. उतरणार आपल्या कोकणातली, मनिलाची, मोम्बासाची पोरं.

आमचं आयुष्य हेवी फ्युएलमध्ये गेलं. घाण तेल, १३० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय इंजेक्टरमधून धड जायचं नाही. पण त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटते तो, साठच्या वर, त्यामुळे थोडाफार हलगर्जीपणा खपून जायचा. मिथेनॉलचा फ्लॅश पॉइंट ११-१२ अंश! मुंबईच्या थंडीतही ते पेट घ्यायला तयार, आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसतच नाही. ज्वाळा दिसली की धावायचं, ही आमची उपजत सवय तिथे माणसाला थेट आगीत नेईल. दुसरं नवं इंधन अमोनिया, त्याचा वास तरी लगेच येतो. पण हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत तीनशे भागांवर गेलं की जिवाशी गाठ.

म्हणून दोन दिवस स्लाइड दाखवून सर्टिफिकेट वाटणाऱ्या कोर्सची मला चीड येते. फी मात्र खणखणीत! नियम तसा कडक आहे. कमी फ्लॅश पॉइंटच्या इंधनाच्या जहाजावर वरच्या जबाबदारीसाठी निदान एक महिना समुद्रावर काढावा लागतो, त्यात तीन वेळा बंकरिंग, म्हणजे जहाजात इंधन भरणं. त्यातली दोन सिम्युलेटरवर चालतात. पण महिना कुठून आणायचा? अशी जहाजं मोजकी, ती बहुतेक श्रीमंत कंपन्यांची, आणि तिथे अनुभव असलेल्यालाच आधी बोलावतात. सिम्युलेटरही गरीब देशांत हाताच्या बोटांवर. परत येऊन तू शिकवायला उभी राहशील तेव्हा पहिलं भांडण याच्यावर कर. अशा जहाजांवर शिकायला जागा मिळवून द्या म्हणावं, नुसते अभ्यासक्रम नकोत.

फिजीच्या त्या मुलाशी जास्त बोल. जहाजांच्या धुरावर टनामागे शंभर डॉलरची आकारणी करा, हा प्रस्ताव २०२१ मध्ये त्यांच्याच शेजारच्या मार्शल आणि सॉलोमन बेटांनी मांडला होता. बेटं बुडायची भीती ज्यांना, त्यांनी हिशेब मांडला! पण त्या भागातल्या जुन्या फेरीबोटींना उद्या अमोनिया परवडणार आहे का? त्यांना तळाचं शेवाळ-शिंपले खरवडणं, प्रोपेलर घासणं आणि वेग उतरवणं हेच आधी शिकवायला हवं. वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर इंजिनाला साधारण २७ टक्के कमी ताकद लागते. प्रवास लांबतो म्हणून बचत १९ टक्क्यांच्या आसपास येते, पण त्यासाठी नवं इंजिन लागत नाही. प्राध्यापकांना हे कदाचित फार साधं वाटेल. वाटू दे.

कुळथाचं पीठ आणि मेतकूट कुरियरने निघालंय. थंडीचे बूट तिथेच घे, पैशाकडे बघू नकोस.

आणि अमोनियाच्या इंजिनातून निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडवर लेक्चर झालं की नोट्स पाठव. तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो म्हणतात. चिमणीत तो मोजायचा कशाने आणि चीफ इंजिनियरने लॉगमध्ये लिहायचा कसा, ते मला नीट कळलेलं नाही.

तुझा,
बाबा